गवताच्या गाड्यावर शिकारीची केबिन बांधतोय, गाडा डोलतो. काय करावं?

ढकलगाडी

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, पण इथे शेतीवाले, सुतारकामवाले आणि अमेरिकेतले, तिन्ही प्रकारचे लोक आहेत म्हणून विचारतो.

मी विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात, माउंट होरेबच्या पुढे, एका शेतावरच्या जुन्या घरात भाड्यानं राहतो. घरमालक आजोबा शहात्तर वर्षांचे. गायी विकल्या, जमीन खंडानं दिली, पण नोव्हेंबरातली हरणाची शिकार काही सोडली नाही. त्यांचं लोखंडी मचाण ओढ्याकडेच्या ओकच्या झाडाला बांधलेलं आहे, वर जायला सरळसोट शिडी. यंदा वसंतात त्यांचा गुडघा बदलला आणि शिडी चढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मुलीनं तर मचाणच काढून टाकायची धमकी दिली. तेव्हा एका रविवारी मला शेडमध्ये घेऊन गेले, कोपऱ्यातला चारचाकी गाडा दाखवला आणि म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना? यावर मला एक खोली बांधून दे." मी पंपांची डिझाइनं करतो. हे त्यांना सांगून काही उपयोग झाला नाही.

गाडा असा: खाली सहा टनी लोखंडी सांगाडा, पुढची चाकं ओढायच्या दांडीबरोबर वळतात. वर ८ बाय १६ फुटांचा लाकडी साटा, म्हणजे फळ्यांचा सपाट तळ. पूर्वी यावर गवताचे छोटे चौकोनी गठ्ठे रचायचे. आता सगळे गोल गठ्ठे करतात, त्यामुळे गाडा पडूनच आहे. साट्याच्या निम्म्या फळ्या कुजल्यात, त्या बदलतोय. जमिनीपासून साटा ४० इंचांवर येतो.

माझा आराखडा: ६ बाय ८ ची केबिन, साडेसहा फूट उंच भिंती, टू-बाय-फोरच्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेले तक्ते), वर पत्रा, चारी बाजूंना प्लेक्सिग्लासच्या खिडक्या. केबिन साट्याच्या अगदी मागच्या टोकाला, म्हणजे पायऱ्या सरळ दाराला लागतील. थ्री-डी मॉडेल तयार आहे, हवं त्याला पाठवतो.

अडचण अशी की गाडा डोलतो. आजोबा साट्यावर खुर्ची टाकून बसले, वाळूच्या पिशवीवर रिकामी बंदूक टेकवली आणि दुर्बिणीतून शंभर यार्डांवरचा खांब बघायला लागले. मी मागे नुसता या पायावरून त्या पायावर झालो तर म्हणाले, "खांब नाचतोय." टायरांत हवा भरली, फरक नाही. स्प्रिंगा तर या गाड्याला नाहीतच. चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवला तर डोलणार नाही, पण मग फिरती केबिन कसली? त्यांना वारा बघून जागा बदलायची आहे.

कुणी असं काही केलंय का?

---

किकापूकाठची

केलंय. आमच्या शेतावर उभी आहे, आत्ता खिडकीतून दिसतेय.

मी मूळची वाळव्याकडची, सांगली जिल्हा. सासर वेस्टबीजवळ, नॉर्वेजियन घराणं, दुधाचा धंदा. सासूबाईंची कंबर गेल्यावर त्यांच्यासाठी आम्ही नवरा-बायकोनं गाड्यावर केबिन केली. त्या अजून बसतात आणि माझ्यापेक्षा बरा नेम धरतात. तेव्हा आधी तुमचं ते थ्री-डी मॉडेल मिटवा. एक खुर्ची, एक टेप आणि आजोबा, एवढ्यावर मापं निघतात. बाकी दमानं सांगते.

पहिलं, डोलण्याचं. चाकं काढायची नाहीत, चाकांवरचा भार काढायचा. गाड्याला पुढं-मागं आडवे लोखंडी तुळे असतात, ज्यांच्यावर साटा बसतो. त्या तुळ्यांच्या चार टोकांखाली चार स्क्रू जॅक लावा. हायड्रॉलिक नको, थंडीत रात्रभरात हळूहळू खाली बसतो आणि सकाळी केबिन वाकडी. स्क्रू जॅक जिथं ठेवाल तिथंच राहतो. प्रत्येक जॅकखाली दोन फुटी जाड फळी, नाहीतर ओल्या जमिनीत जॅकच रुतेल. टायर जमिनीला नुसते टेकलेले राहतील इतपत उचला, अधांतरी करायचे नाहीत. मग साट्यावर पाणसळ (लेव्हल) ठेवून चारी कोपरे जुळवा. आपल्या भागात सपाट जमीन कुठाय? तुमच्याकडंही डोंगर-घळी आमच्यासारख्याच. पाणसळ केबिनमध्येच खिळ्याला अडकवून ठेवा, जागा बदलली की लागतेच.

टायरांखालीही फळ्या घाला. नोव्हेंबरात दिवसा चिखल आणि रात्री गोठण, असं चार दिवस झालं की चाकं जमिनीत सिमेंट केल्यासारखी बसतात. आमच्या एका शेजाऱ्यानं ट्रॅक्टरनं हिसका देऊन गाडा सोडवायला बघितलं तर दांडीच वाकली. फळ्या असल्या की हातोड्याचे दोन ठोके, गाडा मोकळा.

दुसरं, केबिन मागच्या टोकाला अजिबात नको. मागच्या आखाच्या पलीकडं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, मग ओढताना गाडा दांडीचं ऐकत नाही. आणि माणूस पायरीवर पाय देईल तेव्हा मागची बाजू दबणार, म्हणजे पुन्हा डोलणं आलंच. केबिन दोन्ही आखांच्या मधे घ्या. मागं चार फूट मोकळी ओसरी सोडा, तिला दोन्ही बाजूंनी कठडा. जाड कपडे, बंदूक, थर्मास, उशी एवढं सगळं घेऊन माणूस वर येतो. दार उघडायच्या आधी त्याला उभं राहायला जागा नको का? गाड्याच्या मधला दांडा आत-बाहेर सरकतो, भोकं आणि पिन असते बघा. १६ फुटी साट्याला तो लांबवून आख लांब घ्या, स्थिर राहतो.

तिसरं पायऱ्या, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही केबिन शिकारीसाठी बांधत नाही, गुडघ्यासाठी बांधताय. साटा ४० इंचांवर आहे म्हणता. एक पायरी सात इंचांपेक्षा उंच नको, म्हणजे सहा उचल. पायरीची खोली अकरा इंच, कारण पायात बर्फातले बूट असतात, घरातल्या जिन्याचं माप इथं चालत नाही. उतारासारखी फळी करायचा विचार येईल, पण चाकाच्या खुर्चीला लागतो तसा सौम्य, एकास बारा उतार धरला तर चाळीस फूट लांब होईल. सोडून द्या. जिना बिजागरीवर करा, ओढताना वर उचलून साखळीनं ओसरीला बांधायचा. कठडा दोन्ही हातांना पाहिजे, एका नाही. पायऱ्यांवर छपरावर घालतात ते खरखरीत शिंगल ठोका. साध्या लाकडावर दवाचा बर्फ धरला की डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

चौथं खिडक्या. आजोबांना शिकारीच्याच कपड्यांत, शिकारीच्याच खुर्चीत बसवा. कोपर टेकेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. तीच खिडकीची खालची कड. पुस्तकातलं माप घेऊ नका. सासूबाईंच्या आणि माझ्या खिडकीत चार इंचांचा फरक आहे. काच आतल्या बाजूला खाली पडेल अशी बिजागरी लावा किंवा खाली सरकणारी करा, खाचेत नमद्याची पट्टी चिकटवून. प्लास्टिकची काच लाकडात सरकताना जी कुरकुरते, ती हरणाला पलीकडच्या टेकडीवर ऐकू जाते. आणि चारी बाजू एकदम उघड्या ठेवल्या तर मागच्या उजेडात माणसाची आकृती स्पष्ट दिसते. आतून सगळं बिनचकाकीच्या काळ्या रंगानं रंगवा, मागच्या खिडक्यांना काळा कपडा.

ओएसबी कडांनी पाणी पितं आणि फुगतं, प्लायवुड घ्या, कडा रंगानं दोनदा भरा. पत्रा हरकत नाही, पण खाली एक इंची फोमचा थर द्या. नाहीतर श्वासाची आणि हीटरची वाफ पत्र्याला लागून गार होते आणि टप टप मानेवर पडते. जमिनीवर जुना गालिचा. बुटाची टाच फळीवर आपटली की झालं.

आणि सुरू करायच्या आधी डीएनआरचं, म्हणजे राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचं, नियमांचं पुस्तक वाचा. मोटर असलेल्या वाहनातून शिकार बंद आहे. बिनमोटरचा गाडा उभा असेल आणि ट्रॅक्टर सोडलेला असेल तर चालतं. म्हणजे पिन काढा आणि ट्रॅक्टर तिथून घेऊन जा, नुसता बंद करून पुढं उभा ठेवायचा नाही. रस्त्याच्या मध्यापासून पन्नास फुटांच्या आत गोळी झाडता येत नाही, तेव्हा गाडा बांधाला लावताना तेही बघा.

---

भारवाहक

ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी ह्यूस्टनमध्ये स्ट्रक्चरलचं काम करतो, त्यामुळे मला फक्त वाऱ्याची काळजी वाटली. जेवणाच्या सुट्टीत आकडे मांडले.

ताशी ६० मैलांचा झोत धरा, शरदातल्या वादळात असा येऊ शकतो. त्याचा दाब दर चौरस फुटाला साधारण ९ पौंड, खोक्याच्या आकाराचा गुणक १.३ घेतला की १२ च्या आसपास. केबिनची लांब बाजू ८ गुणिले साडेसहा, म्हणजे ५२ चौरस फूट. एकूण ढकल सव्वासहाशे पौंडांच्या जवळपास, भिंतीच्या मध्यावर, म्हणजे केबिनच्या तळापासून सव्वातीन फुटांवर. उलथवणारा घूर्ण (जोर गुणिले अंतर) अंदाजे २००० फूट-पौंड.

आता अडवणारा. केबिन १००० पौंडांची असेल तर ६ फुटांची अर्धी रुंदी ३ फूट, म्हणजे ३००० फूट-पौंड. उभी राहते. पण तुम्ही वजन वाचवून ५०० पौंडांत बसवलीत तर १५०० च मिळतात, आणि केबिन साट्यावरून उलटते. गाडा तिथेच, वरची खोली शेजाऱ्याच्या शेतात. त्यामुळे केबिन साट्याला नुसती स्क्रूनं नको. खालची चौकट, साट्याच्या फळ्या आणि खालचे आडवे तुळे, तिन्हींतून आरपार अर्धा इंची बोल्ट, मोठे वॉशर. चारी कोपरे आणि दोन मधे.

एकदा केबिन आणि गाडा एक झाले की साटा, लोखंड वगैरे मिळून एकूण वजन सहज अडीच हजार पौंडांच्या वर जातं आणि सपाटीवर काळजी नाही. पण उतारावर गाडा तिरका उभा असेल तर खालच्या बाजूचा आधार पटकन कमी होतो. तिथे जमिनीत पिळून घालायचे अँकर मिळतात, फिरत्या घरांना लावतात ते. वाऱ्याच्या बाजूला दोन, रॅचेटच्या पट्ट्यांनी बांधून टाका.

---

ढकलगाडी

किकापूताई, भारवाहक, काय बोलू! मॉडेल खरंच मिटवलं. केबिन मधे, ओसरी मागे, सहा उचलींचा जिना. आजोबांना दाखवलं तर म्हणाले, "ती बाई कोण आहे? तिलाच का नाही बोलावत?"

तीन शंका. एक, ओढताना काय जपायचं? इथून मक्याच्या शेतापर्यंत चढ आहे आणि मधे दोनशे यार्ड गावचा रस्ता. दोन, हीटर ठेवायचा का? आजोबांना हवाय, मुलीला भीती वाटते. तीन, जरा वेगळं: त्यांचा आग्रह आहे की मीही बरोबर बसावं, एक बंदूक माझ्यासाठी आहे म्हणे. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. आजवर बंदुकीला हात लावलेला नाही.

---

किकापूकाठची

तिसरं आधी, कारण ते चुकलं तर निस्तरायला वकील लागेल.

तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. एच-वन-बी त्यातच येतो. त्याला अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना तुमच्याकडे असणं. तेव्हा परवाना हातात येईपर्यंत "जरा धर रे" म्हणून दिली तरी धरायची नाही, नेमबाजीच्या सरावालासुद्धा. विस्कॉन्सिनात १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. नाहीतर जाणत्या माणसाच्या हाताच्या अंतरावर बसून शिकायची सोय आहे. कोर्स करा, चांगला असतो. माझ्या वर्गात बहुतेक बारा-तेरा वर्षांची पोरं होती आणि मी. तरीही तुमच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका, लेखी उत्तर ठेवा. आणि नुसतं बांधकाम करायला, जिना उचलायला, सोबत चहा प्यायला कसलाच परवाना लागत नाही. पहिलं वर्ष तसंच बसा असं मी म्हणेन.

आता ओढणं. चारचाकी गाडा मागं घेणं फार अवघड, पुढची चाकं भलतीकडंच वळतात आणि दांडी आडवी होते. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेली माणसंही वैतागतात. त्यामुळं जागा अशी निवडा की एका बाजूनं आत, दुसरीकडून बाहेर, मागं घ्यायची वेळच नको. वळण मोठं घ्या. उतारावर आडवं ओढू नका, सरळ चढवा, सरळ उतरवा. निघायच्या आधी जॅक पूर्ण काढून ओसरीवर. अर्धवट खाली राहिलेला जॅक पहिल्याच सरीत अडकतो. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस द्या, गाडा किती वर्षं उभा आहे कोण जाणे. टायरांच्या बाजूला भेगा असतील तर हवा टिकते की नाही ते आठवडाभर बघा. दोनशे यार्ड का असेना, रस्त्यावर जाणार तर मागं तो नारिंगी त्रिकोण लावाच, मंद वाहनाचा. केबिनमुळं ट्रॅक्टरवरचा त्रिकोण झाकला जातो.

हीटर. प्रोपेनचा छोटा मिळतो, ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होणारा, तो घ्या. पण त्यावर विसंबून झोपू नका. एक झरोका खाली, एक वर समोरच्या भिंतीत, दोन्हींना जाळी, आणि बंद करायची सोयच ठेवू नका, नाहीतर थंडी वाजली की आजोबा पहिलं तेच बंद करतील. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला लावा. मुलीला तो अलार्म दाखवा, पुढचं भांडण वाचेल. सासूबाई तर हीटर पहाटे अर्धा तास लावतात आणि बंद करतात, मग मेंढीच्या कातड्यावर बसतात.

वाऱ्याचं राहिलं. नोव्हेंबरात आपल्याकडं बहुतेक वायव्येचा. हरणं जिथून येतात ती वाट वायव्येला आणि गाडा आग्नेयेला, म्हणजे तुमचा वास त्यांच्याकडं जात नाही. गवताचा गाडा शेतात उभा असणं हरणांना नवीन नाही, तरी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेऊन ठेवा. ट्रॅक्टरच्या आवाजाला ती बुजत नाहीत, पायी चालत येणाऱ्या माणसाला बुजतात. म्हणून सासूबाईंना मी पहाटे ट्रॅक्टरनंच सोडते आणि ट्रॅक्टर घेऊन परत येते. हरणांना वाटतं, हिचं काहीतरी काम असेल.

---

शाकाहारी_वाघ

सगळं वाचलं. कारागिरी उत्तम, पण एक विचारू का? चाळीस इंचांवर गालिचा घातलेली खोली, हीटर, चहा, आणि समोर येणाऱ्या मुक्या जनावरावर गोळी. यात शिकार कसली? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हे बंद आहे, आणि ते बरंच आहे.

---

किकापूकाठची

विचारा की. मला राग नाही.

भारतात बंद आहे ते मलाही पटतं. तिकडं जंगलाचे तुकडे उरलेत. इथं उलटं आहे. लांडगे या भागात जवळजवळ नाहीत, मका-सोयाबीन मुबलक, हरणं वाढतच जातात. आमच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवताना मी कायम कडेला बघत असते. त्यात सीडब्ल्यूडी नावाचा रोग आहे, मेंदूला भोकं पडतात, जनावर झिजून मरतं. विस्कॉन्सिनात तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, आणि तोही तिकडं ढकलगाडी राहतात त्याच माउंट होरेबच्या आसपास. दाटी झाली की तो पसरतो. म्हणून रोग असलेल्या काउंटींत हरणांना खायला टाकून बोलावणंही बंद आहे. आम्ही प्रत्येक हरणाचं डोकं तपासणीला देतो, अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं. रोग निघाला तर खायचं नाही.

खोलीबद्दल म्हणाल तर, पंचाहत्तरीच्या माणसानं शिडीवरून पडून मान मोडून घ्यावी म्हणजे शिकार खरी, असं मला वाटत नाही. झाडावरच्या मचाणावरून पडून इथं दरवर्षी माणसं जायबंदी होतात. थरथरत्या जागेवरून झाडलेली गोळी पोटात लागते आणि हरीण दोन दिवस ओढ्यात मरत पडतं. मला स्थिर गाडा पाहिजे तो त्यासाठी. तुम्हाला नाही पटलं तर नाही. माझ्या आईलाही पटत नाही, फोनवर विषय निघाला की ती पावसाचं विचारते.

---

तुरीचा_माळा

यवतमाळकडून लिहितो. आमच्याकडे शिकार नाही, राखण आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर, दोघांनी मिळून तूर-हरभऱ्याचं वाट्टोळं केलं. कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारी झटका मशीन लावली आहे, तरी बॅटरी उतरली की रात्री माळ्यावर बसावंच लागते. चार बल्ल्या रोवून वर फाट्यांचा माळा, हे वडलांपासून चालत आलं. पण आमची शेतं तीन तुकड्यांत, प्रत्येक जागी माळा बांधा आणि दरसाल वाळवी लागली की पुन्हा बांधा.

हे गाड्यावरचं वाचून डोक्यात आलं की जुन्या ट्रॅक्टर ट्रॉलीवर असं करता येईल का? ट्रॉलीला दोनच चाकं, फाळका मागून उघडते. मारायचं काहीच नाही, फक्त उंचावरून बॅटरी मारायची आन् ओरडायचं. हीटरची गरज नाही, पण जानेवारीत बसणाऱ्याचे पाय गारठतात. आम्ही खाली गोणपाटात तुरीचं कुटार भरून पाय खुपसून बसतो.

ताई, दोन चाकांची ट्रॉली स्थिर कशी करावी?

---

किकापूकाठची

भाऊ, दोन चाकांच्या ट्रॉलीचं पुढचं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर असतं. ट्रॅक्टर सोडला की ट्रॉली पुढं टेकते. तेव्हा दांडीखाली पक्का घोडा लावा, लोखंडी तिपाईसारखा, खाली रुंद पाट. मागं दोन्ही कोपऱ्यांत स्क्रू जॅक, म्हणजे तीन टेकू झाले. तीन टेकूंना पाणसळही लवकर जुळते. माणूस मागच्या बाजूला चढणार असेल तर मागचे जॅक लावल्याशिवाय चढायचं नाही, नाहीतर ट्रॉली मागं उलटते आणि दांडी वर. ट्रॉलीचे कडे तसेच राहू द्या, त्यावर पाईपचा सांगाडा, वर ताडपत्री. लाकूड नको, वाळवीचं तुम्हीच म्हणालात. झटका मशीनच्या तारेपासून ट्रॉली लांब उभी करा, अंधारात उतरताना हात लागेल.

कुटाराची कल्पना मी चोरतेय. इथं तूर नाही, ओटचा पेंढा घालीन.

---

भारवाहक

ट्रॉलीवर पाईपचा सांगाडा करताना वीज कुठे पडते तेही बघा, भाऊ. उघड्या रानात उंच लोखंड. ढग गडगडले की खाली उतरून घरी.

---

ढकलगाडी

ताजी खबर. फळ्या बदलून झाल्या, चार स्क्रू जॅक आणले, दोन फुटी फळ्या कापल्या. अंगणातच जॅक लावून पुन्हा तीच परीक्षा घेतली. आजोबा खुर्चीत, मी मागे चक्क उड्या मारल्या. ते म्हणाले, "खांब उभा आहे. तू थांब, साटा मोडशील."

वकिलाला ईमेल केला. हंटर एज्युकेशनसाठी नाव घातलंय, पण यंदा मी चहावाला.

आता नवीनच भानगड. भिंती उभ्या करायच्या आधी सहज हिशेब केला: साटा ४० इंच, भिंत साडेसहा फूट, वर छपराचे लाकूड आणि उतार मिळून आणखी सहा इंच. जमिनीपासून दहा फूट चार इंच होतात. शेडचं दार मोजून आलो, नऊ फूट दहा. म्हणजे बांधून झाल्यावर हिवाळ्यात केबिन आत जाणार नाही, आणि आजोबा बाहेर ठेवू देणार नाहीत. बर्फाखाली दोन वर्षांत कुजेल म्हणतात, ते खरंही आहे. भिंत सहा फुटांवर आणली तर बसते, पण आजोबा स्वतः सहा फूट एक इंच, टोपी धरून अजून जास्त. दार रुंद करायला शेडची तुळई आड येते.

छप्पर काढता येईल असं केलं तर? की टायरांतली हवा सोडून आत ढकलू?

---

किकापूकाठची

हवा सोडून चार इंच मिळतील, पण रिमवर गाडा ढकलाल तर टायर कापतील. सहा इंच पाहिजेत तुम्हाला, वर दाराच्या चौकटीला घासणार नाही एवढी फट.

छप्परच वेगळं करा. एकाच उताराचं, हलक्या चौकटीवर, आठ बोल्टांनी भिंतींच्या वरच्या पट्टीला. भारवाहक म्हणाले तसं आरपार, विंगनट लावू नका, थंडीत ढिले होतात. छप्पर दोन तुकड्यांत केलंत तर प्रत्येक तुकडा दोन माणसं उचलतील. जोडावर रबराची पट्टी आणि वरून पत्र्याची टोपी. सीझन संपला की डिसेंबरात तुकडे काढून केबिनच्या आतच उभे ठेवायचे, वर ताडपत्री, आणि गाडा शेडमध्ये. मग उंची भिंतीपुरतीच: ४० अधिक ७८, एकशे अठरा इंच, म्हणजे नऊ फूट दहा.

थांबा, तेवढंच तुमचं दार आहे की. भिंत दोन इंच कमी करा, साडेसहाच्या जागी सहा फूट चार. छपराचा उतार आजोबा उभे राहतात त्या बाजूला उंच ठेवा, छप्पर लावल्यावर त्यांच्या टोपीला जागा मिळेल. आणि शेडच्या दाराची उंची मधे मोजलीत का कडेला? जुन्या शेडांची चौकट मधे बसलेली असते. उद्या उजेडात तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा इथं टाका, मग भिंती कापायच्या.